खालून येणारा उजेड

तुम्ही शेवटची चेटकीण ज्या सिनेमात पाहिलीत, त्यात तिच्या तोंडावर उजेड कुठून पडत होता?

आठवत नाही ना? मोकळे केस आठवतात, डोळे आठवतात, मागे वाजलेलं संगीतही आठवतं. उजेड मात्र आठवत नाही. तो आपल्या लक्षात येऊ नये अशीच त्याची मांडणी असते. हे मला आष्टीतल्या एका बाईंनी शिकवलं. त्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायच्या. गावात त्यांना ‘बॅटरीवाल्या बाई’ म्हणत, कारण त्यांच्या कापडी पिशवीत पुस्तकांच्या आणि डब्याच्या जोडीला भर दुपारीसुद्धा एक जाडजूड स्टीलची बॅटरी असायची.

पहिल्याच तासाला त्यांनी वर्गाच्या खिडक्या लावायला सांगितल्या. मग पहिल्या बाकावरच्या, अतिशय गरीब चेहऱ्याच्या एका मुलीला पुढे बोलावलं आणि तिच्या हनुवटीखाली बॅटरी धरली.

“कोण हाय ही?”

“भूत!” पोरं ओरडली.

बॅटरी डोक्यावर गेली. “आता?”

“देवी.”

बॅटरी पाठीमागे गेली, केसांच्या कडा उजळल्या. मागच्या बाकांवरून शिट्टी आली. “हिरॉईन!”

“पोरगी तीच हाय,” बाई म्हणाल्या, “तिच्या बापानं ठिवलेलं नाव बी तेच हाय. फिरली ती बॅटरी. उघडा खिडक्या, काढा पुस्तकं.” आणि त्यांनी समास शिकवायला घेतला. त्या प्रसंगाबद्दल पुढे वर्षभर एक शब्द बोलल्या नाहीत.

फळ्यावर त्यांची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असे. बोलताना मात्र त्या आमच्यासारखंच बोलायच्या आणि ते मुद्दाम. “आपली बोली सिनेमात गेली की तिला काय काम मिळतं बघा,” त्या म्हणायच्या. “चहा आणायचं, न्हाईतर पाय घसरून पडायचं. शहाणं बोलायची वेळ आली की दुसरा माणूस बोलवत्यात.”

उंच, काटकुळ्या, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. साडीवरून त्या पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. ऊस तोडताना पाचटानं हात कापू नयेत म्हणून आमच्याकडच्या बायका घालतात, तसाच. कॉलेजच्या प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून सांगितलं की हे शोभत नाही. बाई म्हणाल्या, “आईचा कोयता माझ्या हातात आला न्हाई सर. शर्ट तरी अंगात राहू द्या.” शर्ट राहिला.

त्यांची बघण्याची रीत कुठून आली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्या लहान असताना लिंबागणेशच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. तंबूच्या मधोमध पडदा. पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बायका मागे. मागून चित्र दिसे, पण उलटं. “पाटीवरची अक्षरं उलटी, हीरो डावखुरा, नवरी उजवीकडची डावीकडं. मला लई दिवस वाटायचं, सिनेमात जायला माणूस डावखुरा लागतो,” असं म्हणून त्या हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, “पण मागं बसल्याचा एक फायदा झाला. पडदा कापडाचा हाय ते आमाला दिसायचं. वारं आलं की राजा बी हालायचा न् राक्षस बी.”

रविवारी दुपारी त्यांच्या जामखेड रस्त्यावरच्या खोलीत आम्ही चार-सहा जण सिनेमा बघायला जायचो. टीव्हीचा आवाज बंद. “आधी डोळ्यांनी बघू, कानाला मागनं बोलवू,” हा नियम. बाई स्वतः कधी बसत नसत. हातात रिमोट घेऊन टीव्हीच्या बाजूला उभ्या राहत आणि पडद्यापेक्षा आमच्या तोंडांकडे जास्त बघत. कुणी डोळे विस्फारले, कुणी नाक मुरडलं की चित्र थांबवत.

“का भ्यालीस? काय केलं त्यानं तुझं?”

“काही नाही बाई, पण तो वाईट आहे.”

“कुणी सांगितलं? अजून तर तोंड उघडलं न्हाई त्यानं.”

मग आम्ही मागे जाऊन बघायचो. आधी भिंतीवर त्याची सावली पडलेली असायची. मग जमिनीलगत ठेवलेल्या कॅमेऱ्यातून त्याचे बूट दिसायचे. परगावचा माणूस, कुबड असलेला माणूस, काळा रंग फासलेला जंगलातला माणूस, सगळे असेच यायचे. घरचा मुलगा मात्र सरळ दार उघडून, तोंडावर स्वच्छ उजेड घेऊन आत यायचा. “परका माणूस दारातून येत न्हाई,” बाई म्हणायच्या, “त्याला सावलीतूनच आणायचा ठराव झालेला हाय.”

“बाई, आमच्याकडं पाहुणा आला की आधी त्याची बुलेट दिसती,” एकजण म्हणाला.

“मग त्यो जावई असंल. त्याला काय करतोस, चहा टाक.”

बायकांबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “बाप्या तोंडानं येतो, बाई पायानं.” आम्हाला खरं वाटेना. मग आम्ही एकापाठोपाठ एक सिनेमे लावून बघितले. पैंजण, पोटरी, कंबर, उघडी पाठ आणि सगळ्यात शेवटी तोंड, तेही मिळालं तर. आमच्यातला एक मुलगा लाजून म्हणाला, “बाई, आता मला कुठला सिनेमा सुखानं बघता येत नाही.” बाई म्हणाल्या, “तिला बी सुखानं चालता येत नव्हतं. बस आता दोघं सारखे.”

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील ऊसतोडीच्या टोळ्यांत जाऊन पत्रकं वाटायचे. गोष्टीच्या पुस्तकांआधी माझ्या हातात मागण्या आल्या. त्या वर्षी आम्ही एक पत्रक काढलं आणि त्यावर एका चित्रकाराकडून काढून घेतलेलं मुकादमाचं चित्र छापलं. मुकादम म्हणजे कारखान्यासाठी टोळी गोळा करणारा आणि तिच्यावर हुकूम चालवणारा माणूस. चित्रात तो डोंगराएवढा, काळाकुट्ट, सुळे बाहेर आलेले, मुठीत चिमुकली माणसं. मी ते मोठ्या अभिमानानं बाईंना दाखवलं.

त्यांनी ते उन्हात धरलं. “काळा कावून काढलाय ह्याला?”

“दुष्ट आहे म्हणून.”

“तुझे वडील काळे हायेत की.”

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

“न् हे दात? आष्टी तालुक्यात असे दातवाला एक मुकादम मला दाखव. अगं, असा काढला की जो तो म्हणतो, आपला मुकादम असा न्हाई बाबा, आपला तर देवमाणूस. तू त्याला पकडायला गेलीस न् सोडून आलीस.”

“पण बाई, तो राक्षसच आहे!”

“असू दे ना. राक्षस असंल तर दुपारच्या उन्हात बी राक्षसच दिसंल. तसा काढ.”

मी चिडले. पत्रक म्हणजे रांगोळी नव्हे, त्यात राग दिसलाच पाहिजे, असं मी त्यांना ऐकवलं आणि आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. तरी पुढच्या पत्रकावर चित्रकारानं वेगळा मुकादम काढला. नीट भांग पाडलेला, हसतमुख, एका मजुराच्या खांद्यावर हात ठेवून चहा पिणारा. पत्रक वाटल्यावर तालुक्यातला एक मुकादम रागानं लाल होऊन आमच्या घरी आला. “ह्ये म्या हाय का? नीट सांगा, ह्ये म्या हाय का?” राक्षसाच्या चित्राबद्दल कुणाचीही तक्रार आली नव्हती.

आता आक्काबद्दल सांगते. तिचं खरं नाव लिहिणार नाही, तिचा चेहरा आधीच फार फोनांतून फिरला आहे. आष्टीजवळच्या एका गावात, गायरानाच्या कडेला ती चार शेळ्या घेऊन एकटी राहायची. नवऱ्यानं दुसरं घर केलेलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. आक्का दरवर्षी अर्धा कोयता म्हणून टोळीत जायची. सोबत नवरा नसलेली बाई काम नीट करत असली तरी लोकांच्या डोळ्यांत खुपतेच.

टोळी निघायच्या आधीच्या दिवसांत एका संध्याकाळी आक्का न्हाऊन, केस मोकळे सोडून अंगणातल्या चुलीपुढे भाकरी भाजत बसली होती. गावातल्या पोरांनी कुंपणाआडून, फोन जमिनीला टेकवून तिचा व्हिडिओ काढला. जाळाचा तांबडा उजेड तिच्या तोंडावर खालून पडलेला, मागे अंधारलेलं माळरान. ती एकदम मान वर करून थेट बघते आणि व्हिडिओ संपतो. पोरांनी त्याला भीतीचं संगीत जोडलं आणि वर लिहिलं, ‘आमच्या गावातली भानामती’.

त्याच आठवड्यात कुणाची म्हैस आटली, कुणाचं लेकरू तापानं फणफणलं. आमच्याकडे करणी करणाऱ्या बाईलाही भानामतीच म्हणतात आणि तो शब्द नुसता उच्चारला तरी माणसं पाण्याचा हंडा झाकतात. टोळीतल्या बायका म्हणाल्या, तिच्यासंगं ट्रकात बसणार न्हाई. मुकादम आक्काच्या दारात आला तो अगदी आमच्या दुसऱ्या चित्रातल्यासारखा, भांग पाडून, हसत. “आक्का, माझा काय इस्वास न्हाई असल्यावर. पर बाया बिथरल्या तर माझा हंगाम जायचा. औंदा तू राहा घरी.”

घरी राहणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. टोळ्या गेल्या की गाव ओस पडतं. मागे म्हातारी माणसं राहतात, आजारी लेकरं राहतात आणि त्यांच्यातलं एखादं गेलं की गाव कुणाकडे बोट दाखवणार होतं, हेही ठरलेलं होतं. आक्काला काहीही करून त्या ट्रकात बसायचं होतं.

तिची भाची आमच्या वर्गात होती. तिनं रडत रडत तो व्हिडिओ बाईंना दाखवला. बाईंनी आवाज बंद केला आणि पुन्हा पुन्हा बघितला. मग म्हणाल्या, “भाकर करपतीय हिची.”

आम्हाला वाटलं, बाई चळल्या.

“खाली कोपऱ्यात बघा. तव्याची कड दिसतीय. बाई भाकर भाजतीय. तिला कुंपणाआड चपला वाजल्याचं ऐकू आलं, म्हणून तिनं मान वर केली. तुमाला वाटतं ती तुमच्यावर डोळे वटारतीय. कोण हाय तिकडं, असं बघतीय ती. भ्यालीय ही बाई. न् गाव तिलाच भितंय!”

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई त्या गावात गेल्या. भाची आणि मी सोबत होतो. पारावर माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, “बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला भानामती दिसायची न्हाई.”

“खरं हाय तात्या. म्हणून तर बघायला आले. ज्यानं दाखवली त्याला बोलवा की.”

मग एका पोराला त्याच्या दोस्तांनीच ढकलत पुढे आणलं. “जा की बे, आता कावून लपतो?” पोरगं मान खाली घालून म्हणालं, “गंमत केलती बाई.”

आम्हाला वाटलं, आता बाई त्याला फाडून खाणार. बाई म्हणाल्या, “शूटिंग चांगलं केलंस. फोन कुठं ठेवायचा ते तुला बरोबर कळलं. आज सांजच्याला आणखी एक कर. तुझ्या आईचं.”

दिवस कलताना आम्ही त्या पोराच्या अंगणात होतो. त्याची आई चुलीपुढे बसली. बाईंनी तिला केस सोडायला सांगितले.

“आगं बया! बाप्ये उभे हायेत की दारात!”

“त्यास्नी सांगा तिकडं तोंड करायला. आज त्यास्नी बी कळू दे, जत्रेत आमाला न्हाई का पडद्याच्या मागं बसवलं?”

बायका हसल्या. केस सुटले. पोरानं फोन तसाच जमिनीला टेकवला. बाईंनी त्याच्या आईला मान खाली घालून भाकरी थापायला सांगितलं आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मला खूण केली. मी पायातली चप्पल दगडावर जोरात आपटली. तिनं दचकून मान वर केली. पोरानं तेच संगीत जोडलं. मग फोन हातोहात फिरायला लागला.

पहिल्यांदा हशा झाला. मग जसजसा तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला तसतसा हशा कमी होत गेला. आटलेल्या म्हशीच्या मालकिणीनं तो पुन्हा पुन्हा लावून बघितला. फोन शेवटी त्या आईकडे आला. तिनं तो दोन्ही हातांत धरला.

“ही म्या हाय?”

पोरगं पायानं माती उकरायला लागलं.

“ह्याच उजेडात बसून तुला रोज घास घातला रे मुडद्या. तव्हा न्हाई भ्यालास?”

टोळीतली एक बाई मागून म्हणाली, “मंग आपुन समद्याच भानामत्या की गं.” यावर बायका पुन्हा हसल्या, पण ते हसणं वेगळं होतं. त्यात शरम होती. पारावरचा तो म्हातारा शेवटपर्यंत मान हलवत राहिला, त्याला काही पटलं नाही. बाईंनी त्याला पटवायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी बॅटरी पिशवीतून काढलीच नव्हती. पोरांनी आपापल्या फोनातून आक्काचा व्हिडिओ त्यांच्यासमोर पुसला. टोळी निघाली त्या दिवशी आक्का ट्रकात होती आणि तिच्या शेजारी त्या पोराची आई बसली होती.

ही गोष्ट मी इथे थांबवली असती तर वाचायला बरी वाटली असती. पण बाईंनी मला शेवट गोड करायला शिकवलेलं नाही.

ज्या कारखान्याच्या रानात टोळी उतरली तिथे तो व्हिडिओ आधीच पोचला होता. दुसऱ्या जिल्ह्यांतल्या टोळ्या, अनोळखी माणसं. त्यांनी आक्काला पाहिलं आणि फोनातल्या बाईला ओळखलं. तिची पाचटाची कोपी, म्हणजे राहायची झोपडी, सगळ्यांपासून लांब घालायला लावली. पाण्यावर तिला शेवटी येऊ द्यायचे. एका सकाळी तिच्या कोपीवर दगड पडले. तिच्या गावच्या बायका मध्ये पडल्या, पण त्या किती वेळ पुरणार? हंगाम अर्धा असतानाच आक्का परत आली.

आम्ही तिला आष्टीच्या एसटी स्टँडवर आणायला गेलो. कपाळावर खोक पडलेली, ती पदरानं झाकलेली. बाईंना बघून ती थांबली. रडली नाही.

“बाई, तुमी गावाला शिकवलं. गावाचं मिटलं. पर त्या फोनातली म्या अजून तितंच बसलीय. भाकर करपून कोळसा झाली, तरी ती उठंना. तिला कोण उठवायचं?”

बाईंनी तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि गाडीतून उतरणाऱ्या माणसांच्या हातातल्या फोनांकडे बघत राहिल्या.

त्यानंतर बाई तासाला शिकवायच्या, पण रविवारचे सिनेमे थांबले. त्या रोज कॉलेज सुटलं की एसटी स्टँडवर जाऊन उभ्या राहायच्या. पुणे, बीड, नगर, जिकडची गाडी येईल तिच्या दाराशी जाऊन उतरणाऱ्याला विचारायच्या, “तुमच्या फोनात आमच्याकडची भानामती हाय का? असंल तर दाखवा. तव्याची कड दाखवते, मग पुसा.” काही माणसं फोन काढून दाखवत. तिथल्या तिथे तव्याची कड बघून पुसणारेही निघाले. बरेचजण “सरका की ओ म्हातारे” म्हणून निघून जात. कंडक्टर त्यांना चहा देत आणि पाठ फिरली की डोक्याकडे बोट नेत.

शेवटी जे व्हायचं ते झालं. कुणीतरी बाईंचाच व्हिडिओ काढला. बारीक केस, साडीवर शर्ट, हातवारे, बसच्या खिडकीत घुसलेलं तोंड. वर लिहिलं, ‘आष्टीची येडी’. तो माझ्याही फोनात आला, पण मी बाईंना दाखवायला तयार नव्हते. बाईंनी फोन हिसकावून घेतला, आवाज बंद केला आणि बघितला.

“फोन लई वर धरलाय त्यानं,” त्या म्हणाल्या. “वरून बघितलं की माणूस बिचारा दिसतो. म्या राक्षस बी झाले न्हाई ह्याच्या हातनं.” मग फोन माझ्या हातात परत देत, “आक्काला तेवढं बी नशीब मिळालं न्हाई.”

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. अंत्यविधीला त्यांचे विद्यार्थी होते, दोन कंडक्टर होते. आक्का कपाळावरची खूण झाकणारा पदर तसाच घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती. ती आता गावातच असते. ट्रक पुढच्या हंगामाला पुन्हा उभा राहील, मुकादम पुन्हा हसत येईल. ती ज्या कारखान्यावर जाईल तिथे तिच्याआधी ती फोनातली बाई पोचलेली असेल की नसेल, हे आता तिच्या हातात नाही. माझ्याही हातात नाही, म्हणून हे लिहिलं.

तुमचा फोन उघडा. नात्यातल्या, गावातल्या, कामावरच्या मंडळींच्या गटांत शोधा. मोकळ्या केसांची एक बाई, तांबडा उजेड, खाली कोपऱ्यात तव्याची कड. सापडली तर पुसून टाका. आणि तिथेच थांबू नका. तो ज्यानं पाठवला त्याला आज, आत्ता फोन लावा आणि एवढंच सांगा: ती बाई भाकरी भाजत होती, तूही पुस.